एडीएचडी (लक्ष एकाग्र ठेवणं अवघड करणारी अवस्था) असलेला विद्यार्थी निबंध एआयकडून लिहून आणतो. त्याला एआय बंद करावं का?

तुमच्या नववीच्या वर्गातला मुलगा तोंडी सगळं सांगतो आणि निबंध मात्र चॅटजीपीटीचा आणतो, म्हणून तुम्ही हे विचारलंय. मीही शिक्षिका आहे. बंदीच्या आधी तो नेमका कुठे अडतो ते बघा, असं मी म्हणेन.

माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. तिने तारीख घातली, समास आखला, खोडला, पुन्हा आखला. अर्धा तास गेला तरी पान कोरंच. शेजारी बसून विचारलं, ‘नदी प्रवाह का बदलते?’ तर एका दमात चार कारणं सांगितली! तिचेच चार शब्द चिठ्ठीवर लिहून वहीशेजारी ठेवले, आणि ती लिहायला लागली. एडीएचडीत बरेचदा असंच असतं. येत असतं, पण सुरुवात होत नाही, डोक्यातलं लिहीपर्यंत टिकत नाही, वेळेचा अंदाज येत नाही. याला आळस म्हणू नका, फार लागतं मुलांना.

ती चिठ्ठी आज एआय करून देऊ शकतं. मुलाने बोलून सांगावं, एआयने त्याचे मुद्दे मांडावेत. किंवा मुलाने लिहावं, ‘उत्तर देऊ नकोस, मला एकेक प्रश्न विचार.’ मोठं काम असेल तर फक्त पहिली पायरी मागावी. उत्तर तीन ओळींतच हवं हेही सांगायला लावा, कारण एआय पानभर लिहितं आणि अशा मुलाचं लक्ष तिथेच सुटतं. वाक्यं मात्र त्याचीच हवीत. निबंध द्यायचा तो विचार जुळवायला शिकावं म्हणून, तेच एआयने केलं तर त्याच्या हाती काही राहत नाही. एआय चुकीची माहितीही ठामपणे सांगतं, तेव्हा निदान एक विधान पुस्तकात ताडून बघायला सांगा.

नियम अख्ख्या वर्गाला एकच ठेवा, म्हणजे तो वेगळा पडणार नाही. निबंधाखाली दोन ओळी: एआयला काय विचारलं, मी काय बदललं. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते, त्यामुळे घरच्यांशी आधी बोला. मुलाचं नाव किंवा त्याला एडीएचडी असल्याचं तुम्हीही तिथे टाकू नका.

एआयचं लेखन ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कुणाला चोर ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यापेक्षा निबंधावर दोन मिनिटं तोंडी विचारा. तुमचा हा विद्यार्थी तर तिथेच खुलतो.

पुढचा निबंध द्याल तेव्हा त्याला आधी बोलू द्या. तुम्ही फक्त त्याचे शब्द टिपा आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवा.