भूत हवंय, पण रात्री झोपही लागली पाहिजे

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी दहा वर्षांची, भुताच्या गोष्टींचं प्रचंड वेड. मागच्या महिन्यात सोसायटीतल्या मोठ्या पोरांनी तिला शनिवारवाड्याची 'काका मला वाचवा'ची गोष्ट रंगवून सांगितली, तेव्हापासून रात्री बाथरूमलाही एकटी जात नाही, आणि तरी रोज म्हणते आई भुताची सांग! सासूबाई म्हणतात हे भूतबीत बंदच करा. काय करू?
– एक आई, कोथरूड

उत्तर : बंद नका करू हो. तुम्ही नाही सांगितली तर ती पार्किंगमध्ये जाऊन ऐकेल, आणि तिथे सांगणाऱ्याला तिच्या झोपेची काळजी नसते.

आधी त्या गोष्टीचं बघू. मला वाटतं ती भुताला घाबरलीच नाहीये. अठरा वर्षांचा पोरगा जिवाच्या आकांताने स्वतःच्या काकाला हाक मारतोय आणि काका वाचवत नाही, हे तिला लागलंय. आपल्या माणसाला हाक मारली आणि कोणी आलंच नाही तर, ही भीती दहा वर्षांच्या मुलीला अमावस्येच्या किंकाळीपेक्षा खूप मोठी असते. मोठी पोरं गोष्ट किंकाळीवर सोडतात, तुम्ही पुढचं सांगा. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, नारायणरावांचा खून झाला, पण ती हाक वाया नाही गेली, रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना तोंडावर सांगितलं की तुम्ही दोषी आहात, याला देहान्त प्रायश्चित्तच, आणि पुणं सोडून निघून गेले. कोणीतरी ऐकलं, हे तिला कळू दे.

मग नवीन गोष्टींना हाच नियम लावा, हाक मारली की कोणीतरी आलं पाहिजे. आणि भुताला काहीतरी हवं असू दे. नुसतं मानगुटीवर बसणारं भूत या वयाला नको, खवीस, हडळ वगैरे मंडळी दोन-चार वर्षं थांबू देत.

मुंजा मात्र अगदी बरोब्बर बसतो. मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, म्हणजे वयाने जवळपास तिच्याएवढाच की! मी भाचरांना सांगते ती अशी : सोसायटीतला बॉल रोज पिंपळात अडकतो, कोणाचा हात पोचत नाही, सगळे कंटाळून घरी जातात. सकाळी बघावं तर बॉल खाली कट्ट्यावर ठेवलेला, दवाने ओला, आणि त्यावर पिंपळाचं एक पान पालथं घातलेलं, उडू नये म्हणून वर खडा. एवढंच. तो दिसत नाही, बोलत नाही. इथे थांबायचं आणि विचारायचं, त्याला काय हवं असेल गं? माझी भाची म्हणाली, 'त्याला बॅटिंग कोणी देतच नाही, लिंबूटिंबू म्हणून तरी घ्या ना!' झालं, पुढची गोष्ट तिनेच सांगितली.

हे विचारणं आपल्याकडे जुनंच आहे, विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ प्रत्येक गोष्ट प्रश्नावरच तर संपवतो. उत्तर शोधायला लागलं की पोराचं डोकं कामाला लागतं आणि पोटातला गोळा थोडा सैल होतो. वेताळ टेकडी तर तुमच्या घराजवळच आहे, रविवारी सकाळी वर देवळापर्यंत घेऊन जा, मोर ओरडला तर ओरडू दे, आणि उतरताना चकव्याची गोष्ट सांगा, चालून चालून माणूस परत त्याच झाडापाशी येतो ती. त्यात घाबरणं पण आहे आणि सोबत आई पण आहे.

बाथरूमचं म्हणाल तर पॅसेजमधला दिवा चालू ठेवा आणि काही दिवस सोबत जा, 'एवढी मोठी झालीस' वगैरे अजिबात नको. तिने हाक मारली की लगेच 'ओ' द्या, हातातली पोळी तव्यावर असली तरी.