फिश फाइंडरवर (नावेखालचे मासे आणि तळ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) कधी कमान दिसते, कधी लांब रेघ. यात मासा कोणता?

दोन्ही मासेच असू शकतात, भाऊ. आधी हे डोक्यात पक्कं करा की स्क्रीन म्हणजे पाण्याचा फोटो नाही. उजव्या कडेची उभी पट्टी तेवढी आत्ताची, डावीकडे सरकलेलं सगळं होऊन गेलेलं. आडवं अंतर म्हणजे वेळ.

नाव चालू असताना मासा सोनारच्या, म्हणजे यंत्र खाली सोडतं त्या ध्वनिलहरींच्या, शंकूत शिरतो तेव्हा तिरप्या अंतरावर असतो, मधोमध आला की सगळ्यात जवळ, मग पुन्हा लांब. म्हणून कमान. खिंडसी तलावात नांगर टाकून बसलात आणि मासाही खाली थांबला, तर तोच लांब रेघ काढतो. लांब रेघ म्हणजे मोठा मासा नव्हे. आकाराचा अंदाज कमानीच्या जाडीवरून घ्या, तोही अंदाजच.

तळाची रेघ जाड, ठळक आणि खाली तिचीच दुसरी फिकट रेघ, तर खडक किंवा मुरूम. पातळ, अंधूक असेल तर गाळ. तळाला चिकटून उभा गुंता दिसला तर बहुतेक झाडझुडूप.

माशांची चित्रं दाखवणारी सेटिंग मात्र बंदच करा. ती बुडबुड्यालाही मासा म्हणते.