अक्कलदाढेचा हिशोब सोलापुरातच मिटवून ये

तू विचारलंयस की ऑगस्टमध्ये एमएससाठी डॅलसजवळ अर्लिंग्टनला यायचंय, युनिव्हर्सिटीच्या हेल्थ इन्शुरन्समध्ये दात धरलेले नाहीत, अक्कलदाढ मधूनमधून ठणकते. वेगळा डेंटल प्लॅन घ्यावा का, आणि नसताना अचानक दुखलं तर काय करायचं?

आधी दाढेचं बघू. याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे जा. सात रस्ता, जुळे सोलापूर, कुठंही चालेल, पण घरच्यांचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढून घे, त्यात सगळी बत्तीशी एकदम दिसते. दाढ काढायची ठरली तर विमानाच्या महिनाभर आधी काढ. काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्राय सॉकेट (खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडणं) होऊन ठणका सुरू होऊ शकतो, तो घरी असताना झालेला बरा. रूट कॅनाल निघालं तर कॅपसकट पूर्ण करून ये. दोन-तीन सिटिंग, मग लॅबमधून कॅप यायची वाट. शेवटच्या आठवड्यात आई शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधत असताना हे जमत नाही. अर्धवट काम ठेवून विमानात बसलास तर हवेचा दाब बदलताना तो दात जीव खाऊ शकतो. (कडक भाकरी इकडंही आमटीत कुस्करूनच खा. कॅपच्या दाढेनं तोडायची हौस नको.)

ओपीजी आणि केलेल्या कामाची नोंद मेलवर मागून घे. एक गोष्ट लक्षात ठेव: खालची डावी पहिली मोठी दाढ आपले डॉक्टर ३६ लिहितात, अमेरिकेत तिचाच नंबर १९. इथं १ ते ३२ असं सरळ मोजतात. त्यामुळे फोनवर नंबर न सांगता दाढ कुठली ते शब्दांत सांग.

एवढा आग्रह कशासाठी, तर सोलापुरात जे काही हजार रुपयांत होतं, त्या दाढेच्या रूट कॅनालला इथं साधारण १,००० ते १,५०० डॉलर पडतात, आणि कॅपचे जवळपास तेवढेच वेगळे.

तरीही रात्री दोनला दाढ ठणकलीच तर? आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन्ही एकत्र, पोटात काहीतरी असताना. इथं पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही किराणा दुकानातसुद्धा चिठ्ठीशिवाय मिळतात. अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय नको. अ‍ॅस्पिरिन हिरडीवर ठेवू नकोस, हिरडी भाजते. अँटिबायोटिकच्या मागे लागू नकोस. सूज नसताना नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि आपल्याकडं मेडिकलवाला देतो तसं इथं चिठ्ठीशिवाय मिळतही नाही.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, ताप चढला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मात्र खर्चाचा विचार न करता ९११ (इथला इमर्जन्सी नंबर) किंवा हॉस्पिटलची इमर्जन्सी. इथल्या १९८६ च्या कायद्यानं पैशासाठी तुला न तपासता परत पाठवता येत नाही, आणि असा पसरलेला संसर्ग सहसा हेल्थ इन्शुरन्समध्ये बसतो. नुसत्या दातदुखीला मात्र तिथं जाऊ नकोस. बहुतेक ठिकाणी दाताचा डॉक्टर नसतो. गोळ्या आणि ‘डेंटिस्टला दाखवा’ असा कागद मिळतो, बिल मात्र घसघशीत येतं.

सकाळ झाली की फोनाफोनी सुरू कर. डॅलसमध्येच टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीचं डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जातो, पण खासगीपेक्षा बरंच स्वस्त. गाडी असलेला मित्र आधीच हेरून ठेव. दुसरी जागा म्हणजे सरकारी मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स, तिथं उत्पन्न बघून फी ठरते. सगळ्यांकडं दातांचा विभाग नसतो, म्हणून आधी विचार. २११ या मदतीच्या नंबरवर फोन केलास तर जवळची ठिकाणं सांगतात.

खासगीत जायची वेळ आली तर अपॉइंटमेंट घेतानाच सांग: इन्शुरन्स नाही, रोख देणार, फक्त दुखणाऱ्या दाताची तपासणी आणि एकच एक्स-रे हवा. त्यांच्या भाषेत कोड डी-०१४० आणि डी-०२२०. कोड ऐकला की काउंटरवरची बाई सरळ आकडा सांगते, आणि पूर्ण तोंडाचे एक्स-रे, क्लीनिंग वगैरे पॅकेज गळ्यात पडत नाही. तीन-चार ठिकाणी विचार, दरात फार फरक असतो. खुर्चीत बसल्यावर ‘आज दुखणं थांबवायला किमान काय लागेल?’ हे विचार. नस काढून तात्पुरतं फिलिंग करता येतं आणि बाकीचं काम काही आठवडे पुढं ढकलता येतं. हिवाळ्याच्या सुट्टीत गड्ड्याच्या जत्रेला घरी येणारच असशील तर उरलेलं काम तिकडं, पण मध्ये किती दिवस चालेल ते त्याच डॉक्टरांना विचारून ठरव. काउंटरवर ‘बिनव्याजी’ म्हणून मेडिकल क्रेडिट कार्ड पुढं करतात, ते टाळ. मुदतीत शेवटचा डॉलर फिटला नाही तर अनेकदा पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावतात.

आता प्लॅनचं. बहुतेक प्लॅन वर्षाला १,००० ते २,००० डॉलरपर्यंतच देतात, आणि रूट कॅनाल-कॅपसारख्या मोठ्या कामाला बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर थांबायला लावतात. म्हणजे दुखायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही. ‘डिस्काउंट प्लॅन’ हा इन्शुरन्स नव्हे, ठरावीक डॉक्टरांकडची सवलत असते, पण ती लवकर लागू होते. दातांची सगळी कामं उरकून आलास तर पहिल्या वर्षी मी प्लॅन घेणार नाही, ते पैसे बाजूला ठेवीन. जुनी फिलिंग्ज भरपूर असतील तर हिशोब बदलतो.

ओपीजी बघून डॉक्टर काय म्हणाले ते कळव, मग पुढचं बोलू.