नेदरलँड्समध्ये ब्रेस्ट इमेजिंग: पीएचडीची ऑफर स्वीकारण्याआधी काय विचारावं

तुम्ही लिहिलंय की बायोमेडिकलमध्ये एमटेक झालंय, दोन वर्षं मॅमोग्रामवर (स्तनाच्या एक्स-रे चित्रांवर) डीप लर्निंगचं काम केलंय आणि आता नेदरलँड्समध्ये पीएचडी करून याच क्षेत्रात रिसर्च सायंटिस्ट व्हायचंय. व्हिसाचं काय, डच यावं लागतं का, आणि ग्रुप कसा निवडायचा, हे तुमचे तीन प्रश्न. मी इथेच पीएचडी केली आणि आता याच कामात आहे. तिसऱ्या प्रश्नावर जास्त लिहिणार आहे, कारण पुढची चार वर्षं कशी जातील ते त्यावर ठरतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. इथे पीएचडी ही बहुतेक वेळा चार वर्षांची नोकरी असते. सामूहिक करारात ठरलेला पगार मिळतो, सुरुवातीला कर कापण्याआधी महिन्याला साधारण 3000 युरो. राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठ किंवा हॉस्पिटल करतं. ‘स्कॉलरशिप स्वतः आणा, मग घेऊ’ असं उत्तर आलं तर ती नोकरी नव्हे, हे ध्यानात ठेवा. पगार, सुट्ट्या, पेन्शन सगळ्यात फरक पडतो. पीएचडीनंतर नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा वेगळा परवाना मिळतो. घर मिळणं खरोखर कठीण आहे, म्हणून ऑफर येताच राहण्याच्या सोयीबद्दल लिहून विचारा.

आता ग्रुप. तुमच्या पत्रात मॉडेलच्या आर्किटेक्चरबद्दल, म्हणजे रचनेबद्दल, खूप आहे, डेटाबद्दल एकच ओळ आहे. मीही आले तेव्हा असाच विचार करत होते.

इथल्या स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे लक्षणं नसतानाच्या सरसकट तपासणीत, 50 ते 75 वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्रामसाठी बोलावतात आणि प्रत्येक तपासणी दोन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे वाचतात. हजार तपासण्यांमागे सहा-सात कॅन्सर सापडतात. उरलेल्या तपासण्यांवर ‘काही नाही’ असा शेरा पडतो, पण तो शेरा खरा होता की नाही हे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. ती स्त्री दोन वर्षांनी पुन्हा येते तेव्हा कळतं, किंवा मधेच तिला गाठ लागते तेव्हा. मधे सापडणाऱ्या या कॅन्सरला आम्ही इंटर्व्हल कॅन्सर म्हणतो. म्हणजे 2024 च्या चित्राचं खरं लेबल (कॅन्सर होता की नाही, हे उत्तर) 2026 मध्ये तयार होतं, तेही राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीशी आणि पॅथॉलॉजीच्या अहवालांशी जोडणी झाली तरच. ही जोडणी, तिच्या परवानग्या आणि गोपनीयतेचे करार यात महिने जातात. माझ्या पीएचडीचे पहिले आठ महिने असे गेले. प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘मोठा डेटासेट उपलब्ध’ असं होतं. प्रत्यक्षात करारावर सह्या व्हायच्या होत्या.

म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: चित्रं आज तुमच्या सर्व्हरवर आहेत का? फॉलो-अप, म्हणजे तपासणीनंतर त्या स्त्रियांचं पुढे काय झालं याची नोंद, किती वर्षांचा आहे? कॅन्सर आणि नॉर्मल दोन्ही एकाच ठिकाणाहून, एकाच प्रकारच्या मशीनवरून आलेत का?

शेवटचा प्रश्न मी ठेच खाऊन शिकले. आमचे बरेचसे कॅन्सर हॉस्पिटलमधल्या मशीनवरचे होते आणि नॉर्मल स्क्रीनिंग युनिटमधले. मॉडेलचे आकडे फारच सुंदर येत होते. एका रेडिओलॉजिस्टबाईंनी हीटमॅप (मॉडेल चित्रात कुठे बघतंय ते रंगांनी दाखवणारा नकाशा) पाहून विचारलं, ‘हे चित्राच्या कडेकडे का बघतंय?’ मॉडेल कॅन्सर शिकलंच नव्हतं, मशीन ओळखायला शिकलं होतं. तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. त्या बाईंचं टेबल माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं म्हणून हे वेळेत कळलं. ज्या ग्रुपमध्ये रेडिओलॉजिस्ट रोज भेटतो, तो ग्रुप घ्या, मग मॉडेल शिकवायला लागणारे जीपीयू प्रोसेसर चार कमी असले तरी चालेल.

नायमेखनमधलं राडबाउड हॉस्पिटल मॅमोग्राम आणि एआयसाठी जुनं ठाणं आहे; शहरात स्क्रीनिंग 1975 पासून आहे. स्क्रीनिंगच्या दर्जावर देखरेख ठेवणारं केंद्रही तिथेच आहे, आणि त्याच ग्रुपच्या कामातून 2014 मध्ये स्क्रीनपॉइंट ही कंपनी उभी राहिली. तिचं ट्रान्सपारा हे मॅमोग्राम वाचणारं एआय सॉफ्टवेअर स्वीडनच्या मासाई या स्क्रीनिंग-चाचणीत वापरलं गेलं: 80,000 हून अधिक स्त्रियांच्या पहिल्या विश्लेषणात चित्रं वाचण्याचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर कमी सापडले नाहीत. एमआरआयमध्ये रस असेल तर उट्रेख्त आणि ॲमस्टरडॅमची कॅन्सर इन्स्टिट्यूट पाहा. हार्डवेअरची आवड असेल तर एन्स्खेडेमध्ये प्रकाश आणि ध्वनी एकत्र वापरून स्तनाची प्रतिमा घेण्याचं काम चालतं.

उट्रेख्तमधून चालवलेल्या ‘डेन्स’ चाचणीचा पेपर मात्र अर्ज करण्याआधी नीट वाचा. मॅमोग्रामवर दाट ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरी, त्यामुळे अतिशय दाट स्तनांत कॅन्सर लपतो. अशा 40,373 स्त्रियांपैकी काहींना मॅमोग्राम स्वच्छ असूनही एमआरआयसाठी बोलावलं. 2019 मध्ये निकाल आला: इंटर्व्हल कॅन्सर हजारी 5 वरून 2.5 वर आले. आणि हे ज्यांना बोलावलं त्या सर्वांचं मोजमाप आहे, त्यांतल्या साधारण 59 टक्केच आल्या होत्या. त्याच पेपरमधला दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे: पहिल्या फेरीत एमआरआय झालेल्या दर हजारी जवळजवळ 80 जणींना उगाच पुढच्या तपासण्यांना सामोरं जावं लागलं. कॅन्सर न सुटू देता ही संख्या खाली आणणं, यात आमच्यासारख्यांना करण्यासारखं खूप काही आहे. प्रस्तावात असा प्रश्न मांडलात तर तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं जाईल. अचूकता दोन टक्क्यांनी वाढवली, हे वाक्य निवड समितीला रोज दिसतं.

एक सावधगिरी: स्क्रीनिंगमध्ये बदल करून पाहणाऱ्या चाचणीला इथे थेट आरोग्य मंत्र्यांची परवानगी लागते. ‘डेन्स’लाही लागली होती. त्यामुळे चार वर्षांत प्रत्यक्ष स्त्रियांवर चाचणी करीन, असं लिहू नका. आधी जमा झालेल्या चित्रांवरचं काम ठरवा आणि चालू चाचणीत हातभार लावा.

भाषेचं. ऑफिसात, पेपरमध्ये, थीसिसमध्ये इंग्रजी चालतं, अर्जालाही डच लागत नाही. पण रेडिओलॉजीचे अहवाल डचमध्ये असतात, आणि सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून पेशंटचा निर्णय घेतात ती साप्ताहिक बैठकही डचमध्येच होते. मी दीड वर्ष त्या बैठकीला गेलेच नाही. समजणार नाही म्हणून संकोच वाटायचा. नंतर भाषा थोडी आल्यावर मागच्या रांगेत बसायला लागले. एकदा एका पेशंटच्या 6 मिलिमीटरच्या डागावर वीस मिनिटं चर्चा झाली. आमच्या सॉफ्टवेअरनं त्याला कॅन्सरच्या संशयाचा वरचा स्कोअर दिला होता, पण तिच्या चार वर्षांपूर्वीच्या मॅमोग्रामवर तो डाग तसाच होता. जुनी चित्रं मॉडेलला द्यायची कल्पना मला तिथे सुचली आणि थीसिसचा तिसरा चॅप्टर त्यातून झाला. तेव्हा डचचा क्लास आजपासूनच लावा, आणि बोली भाषेइतकेच अहवालांतले शब्दही शिका: गाठ, कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचे साठे), कडा, मागील चित्राशी तुलना.