उत्तर: डिस्क आत ठेवून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला देऊ नका

थांबा. लॅपटॉप अजून दिला नसेल तर देऊ नका.

तुमचं दुखणं थोडक्यात असं: इंदूरहून गाडीने सासरी रत्नागिरीला निघायचंय, महिनाभर तिथूनच काम करायचंय. लॅपटॉपवर फक्त लिनक्स आहे, विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. बॅगेत ठेवला की तापतो आणि बाहेर काढावा तर बॅटरी संपलेली. शिवाय चार्जिंग कधी धरतं, कधी नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, लिनक्स वॉरंटीत बसत नाही, आधी विंडोज टाकून देतो, मग बघू. आणि तुम्ही विचारताय, टाकू द्यावं का?

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य मी इथेच इंदुरात, एका काउंटरसमोर उभी राहून ऐकलंय. सेंटर कुठलं, कंपनी कुठली हे विचारू नका, सांगणार नाही.

बॅकअप, लाइव्ह पेनड्राइव्ह वगैरे सांगत बसत नाही. लिनक्स वापरता म्हणजे तेवढं येतच असेल.

पहिली गोष्ट, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. बॅगेत तापणं हा लॅपटॉपच्या झोपेचा, म्हणजे स्लीप मोडचा प्रश्न आहे, त्याबद्दल खाली लिहिते. चार्जिंग न धरणं मात्र हार्डवेअरचं काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद असतानाही चार्ज होतो, बरोबर? ते काम आतला एक वेगळा छोटा कंट्रोलर करतो. त्या वेळी ना लिनक्स चालू असतं ना विंडोज. तेव्हा मशीन बंद करा, चार्जर लावा आणि पिन हळूच डावी-उजवीकडे हलवून बघा. दिवा लागत-विझत असेल तर बहुधा पोर्ट सैल झालंय. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. बऱ्याच कंपन्या बायोसमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, बॅटरी, मेमरी, डिस्क तपासायची सोय देतात. चालू करताना एफ2, एफ10 नाहीतर एफ12 दाबून ती उघडते, कंपनीप्रमाणे बटण बदलतं. त्याला कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसतं असं नाही. पण त्याच्या चेकलिस्टवर विंडोजमधलं टूल असतं, आणि चेकलिस्टबाहेर जायची त्याला मुभा नसते.

आता माझं ऐका. निमाडातून फिरून आलो होतो. मंडलेश्वर, महेश्वर, खरगोन, मग नर्मदेकाठी रावेरखेडी, तिथून बुऱ्हाणपूर आणि असीरगड. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे, 1740 साली तिथेच गेले ते. इंदूरच्या मराठी घरांत बाजीरावांचं नाव रोज निघतं, पण तिथवर गेलेली माणसं मला फार भेटलेली नाहीत. मला ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा नाद आहे. वाटेतली गावं, पाणंद रस्ते, कुठे पूल आहे आणि कुठे नुसता रपटा (पाण्याखाली जाणारा फरशी पूल), हे सगळं टिपत होते. जीपीएसचे ट्रॅक, पाट्यांचे फोटो आणि गावातल्या माणसांकडून त्यांच्याच तोंडून गावाचं नाव वदवून घेतलेल्या ध्वनिफिती. रोज संध्याकाळी फोन रिकामा करून सगळं लॅपटॉपवर. घरच्या बॅकअप डिस्कवर निघायच्या आदल्या दिवसापर्यंतचं सगळं होतं. राहिलं होतं ते फक्त या फेरीचं, आणि बुऱ्हाणपूरच्या लॉजवर चार्जिंग पोर्टने मान टाकली. मशीन उघडणं शक्य नव्हतं म्हणून तसंच इंदूरला आणलं.

काउंटरवर मी विचारलं की डिस्क काढून घेऊ का? नाही, स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वॉरंटी गेली. मग तुम्हीच माझ्यासमोर काढून द्या. नाही, "पॉलिसी नहीं है." मग डेटाचं काय? "मैडम, सिर्फ पोर्ट बदलना है, डेटा को कोई हाथ नहीं लगाएगा." हे सगळं तो सांगत होता आमच्या ह्यांच्याकडे बघून, ज्यांना एक्सेलची फाइल उघडायलाही मी लागते. जॉबशीटवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. त्याखाली सही केल्याशिवाय ते मशीन घ्यायलाच तयार नव्हते.

परत आणायला गेले तर त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. निळा वॉलपेपर, कोपऱ्यात कंपनीचा लोगो आणि महिनाभर फुकट चालणारा एक अँटिव्हायरस. "किसी ने गलत सॉफ्टवेयर डाल दिया था, मैडम. अब देखिए, बढ़िया चल रहा है." जॉबशीटवर पेनाने लिहिलेलं: ओएस करप्ट, रीइन्स्टॉल्ड. पोर्टसुद्धा बदललं होतं आणि उत्तम बदललं होतं, अजून चालतंय. म्हणजे ज्या कामासाठी मशीन दिलं ते काम डिस्कला न शिवता झालं असतं. त्यांनी त्याआधी डिस्क पुसली, कारण चेकलिस्टचं टूल विंडोजवरच चालतं.

काही परत मिळालं का, असा प्रश्न येईलच. नाही. डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करायच्या पद्धतीने, एन्क्रिप्ट केलेली होती. तिच्या किल्ल्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असतात. नवी पार्टिशनं पडली आणि हेडर गेला. पासवर्ड मला तोंडपाठ, पण तो लावायला कुलूपच उरलं नाही. शिवाय डिस्क एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी; ती फॉरमॅट करताना विंडोज तिला ट्रिमची आज्ञा देतं, म्हणजे मोकळी झालेली जागा एसएसडी आतून खरोखर पुसून टाकते. टेस्टडिस्क, फोटोरेक ही गेलेला डेटा शोधणारी टूलं, सगळं चालवून झालं. जेल रोडवर एक ओळखीचा रिपेअरवाला आहे, त्याने पण हात टेकले आणि पैसे घेतले नाहीत. कंपनीला मेल केली तर उत्तरात माझीच सही असलेल्या जॉबशीटची स्कॅन कॉपी आली. बाकीच्या सगळ्या कटकटी मी विसरले असते, ती मेल विसरत नाही.

असो. तुम्ही काय करावं ते सांगते. मी वकील नाही आणि माझा अनुभव एकाच कंपनीचा आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

तुमचं मशीन अजून अधूनमधून चार्ज धरतंय, हे नशीब समजा. आजच सगळं बाहेर काढा. मग कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा. त्यात एसएसडी हा ग्राहकाने स्वतः बदलायचा भाग म्हणून दिलेला असेल तर स्टिकरची धमकी पोकळ आहे. ते पान छापून बरोबर न्या. तुमची डिस्क काढून घरी ठेवा, एखादी स्वस्तातली छोटी एसएसडी टाकून तिच्यावर विंडोज घाला आणि तसं मशीन द्या. त्यांना विंडोज पाहिजे ना, घ्या विंडोज. लायसन्सची काळजी नको. लॅपटॉप विंडोजसकट विकत घेतला असेल आणि तो विंडोज 8 नंतरचा असेल, तर त्याची किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. लिनक्स टाकल्याने ती जात नाही. इन्स्टॉल करताना तीच आवृत्ती निवडा, म्हणजे आपोआप लागू होते.

काही कट्टर मंडळी म्हणतील, विंडोजपुढे मान का तुकवायची? मीही पूर्वी असंच म्हणायचे. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण सोमवारी तुमची मीटिंग असते.

एसएसडी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर ती निघणार नाही. मग जॉबशीटवर स्वतःच्या हाताने लिहा: "फक्त चार्जिंग पोर्ट तपासणे. डिस्क पुसू नये, ओएस बदलू नये." लिहू देत नसतील तर केस नंबर टाकून हेच कंपनीच्या मुख्य सपोर्टला मेल करा, आणि मगच मशीन हातातून सोडा. "लिनक्समुळे वॉरंटी नाही" असं तोंडी सांगत असतील तर म्हणावं, हेच लेखी द्या. माझ्या माहितीतल्या दोघा-तिघांना ते कुणी लेखी दिलेलं नाही. लेखी मागितलं की आतून सीनियर येतो आणि काम होतं.

तरी अडले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळूरला असलं तरी. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. लॅपटॉपचे पैसे, दुरुस्ती यासाठी हे ठीक. गेलेल्या डेटाची भरपाई मागायची म्हटली तर ती सही आडवी येते, म्हणून मी तिथवर गेले नाही. वकिलाला विचारलंत तर कदाचित वेगळं सांगेल.

आणखी एक. "बायोस अपडेट करायला विंडोज लागतं" असंही सांगतील. बऱ्याच मॉडेलांना लागत नाही. लिनक्समधूनच बायोस अपडेट करणारं एफडब्ल्यूअपडी नावाचं टूल उबुंटू, फेडोरा या लिनक्सच्या आवृत्त्यांत असतंच, त्यात तुमचं मॉडेल दिसतंय का बघा.

आता बॅगेत तापण्याचं. सिस फोल्डरात पॉवरच्या आत मेम-स्लीप नावाची फाइल आहे, ती वाचा. तिच्यात नुसतं एस2आयडल दिसलं तर तुमचं मशीन जुन्या पद्धतीने गाढ झोपतच नाही, डोळा मिटून पडतं फक्त. नव्या लॅपटॉपांत गाढ झोपेची सोय काढूनच टाकलीय बऱ्याच कंपन्यांनी, आणि विंडोजवालेही याच दुखण्याने रडतात, तेव्हा लिनक्सला शिव्या देऊ नका. डीप असाही पर्याय दिसत असेल तर तो लावून बघा. हायबरनेट (मेमरी डिस्कवर उतरवून पूर्ण बंद होणं) हा चांगला उपाय आहे, पण त्याला रॅमएवढी स्वॅप, म्हणजे डिस्कवर राखलेली जागा लागते, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर उबुंटू, फेडोरा दोन्हींत कर्नल हायबरनेट करू देत नाही. लोक रात्र-रात्र घालवतात आणि कारण एवढंच असतं. प्रवासात मी सरळ शटडाउन करते. चालू व्हायला लागतो किती वेळ?

गाडीत चार्ज करायला 12 व्होल्टवरून 230 करणारा इन्व्हर्टर घेऊ नका. 12 चे 230 करायचे आणि चार्जरने परत 20 वर आणायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग होत असेल तर 65 वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) कार चार्जर बहुतेक लॅपटॉपांना पुरतो. पण पोर्ट दुरुस्त होईपर्यंत गाडीत लावूच नका. सैल पोर्ट आणि मानपूर घाटातली वळणं, दोन्ही एकदम नकोत.

नकाशाचं: ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स, नेटशिवाय चालणारं यातलं कुठलंही अ‍ॅप घ्या. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा दोन्ही फाइली घरच्या वायफायवर उतरवा. आमच्या भाच्याने फक्त मध्य प्रदेश उतरवला होता, बिजासन घाट उतरून पुढे गेला आणि रस्ताच संपला, नकाशात. खलघाटचा पूल, जुलवानिया, सेंधवा, शिरपूर, धुळे हा 52 नंबरचा महामार्ग तसा सरळ आहे, पण धुळ्यात तो चाळीसगावकडे वळतो. पाटीवर 52 दिसतोय म्हणून त्याच्या मागे जाऊ नका, तो तुम्हाला संभाजीनगरमार्गे सोलापूरला नेईल. तुम्हाला पुण्याकडे यायचंय. कोकणात उतरायला मी कोल्हापूरहून आंबा घाट घेते. साखरपा, पाली, हातखंबा. पावसात निघत असाल तर घाट चालू आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. जिरावनचा, आपल्या इंदुरी मसाल्याचा पुडा बरोबर ठेवा, सासरच्या पोह्यांवर घालायला. त्यांना आवडेलच असं नाही.

डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) कुठली चांगली यावर खाली हाणामारी सुरू झालेली दिसते. तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही, वाचू नका. लॅपटॉपचं मॉडेल, एसएसडी निघते की सोल्डर केलीय ते, आणि जॉबशीट मिळाली असेल तर तिचा फोटो टाका. नाव, फोन आणि सिरियल नंबर झाकून. मॅन्युअल मी शोधून देते.