तुमचे प्रश्न: रबर ताणलं जातं, मग गटापर्चा का नाही?

प्रश्न : आमच्या दोडामार्गकडे आता डोंगरउतारावर रबराच्या बागा झाल्यात. झाडाचा चीक पांढरा आणि पातळ असतो, पण त्यात अ‍ॅसिड टाकलं की घट्ट गोळा होतो. मग रबर चिकात आधीपासून असतं की अ‍ॅसिडने तयार होतं?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : आधीपासूनच असतं, अ‍ॅसिड फक्त ते गोळा करतं. ताज्या चिकात साधारण ३० ते ४० टक्के रबर असतं, बाकी बहुतेक पाणी, आणि थोडी प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, साखर, क्षार. रबराचे कण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, आणि प्रत्येक कणाभोवती प्रथिनं आणि फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांचं पातळ आवरण असतं, त्यावर ऋण विद्युतभार असतो त्यामुळे कण एकमेकांना लांब ढकलतात आणि चीक पातळ राहतो. फॉर्मिक अ‍ॅसिड टाकलं की तो भार जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. चीक नुसता उघडा ठेवला तरी काही तासांनी गोठतो, कारण बॅक्टेरिया स्वतःच त्यात आम्ल तयार करतात. म्हणूनच ज्यांना चीक पातळच विकायचा असतो ते त्यात अमोनिया घालतात.

प्रश्न : रूट कॅनॉल करताना डॉक्टरांनी दातात गटापर्चा भरला, म्हणाले केमिकली हे रबरच आहे. पण ते तर अजिबात ताणलं जात नाही! मग रबर नेमकं असतं कशाचं?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : डॉक्टर बरोबर बोलले, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला कारण रबराची सगळी गंमत इथेच आहे. रबरात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, दर ५ कार्बनला ८ हायड्रोजन, हे प्रमाण मायकेल फॅरडेने १८२६ मध्येच काढलं होतं. या ५ कार्बनच्या तुकड्याला आयसोप्रीन म्हणतात. असे हजारो तुकडे एकापुढे एक जोडले की रबराची साखळी होते, दहा लाख रेणूभाराची एक साखळी धरली तर तिच्यात जवळजवळ १५,००० तुकडे येतात.

पण ही लांब साखळी आहे हे मान्य व्हायला खूप वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठेमोठे केमिस्ट म्हणत होते की रबर म्हणजे छोट्या छोट्या गोल कड्या आहेत आणि दुहेरी बंधांमुळे, म्हणजे दोन कार्बनमधल्या दुहेरी जोडणीमुळे, त्या सैलसर चिकटून राहिल्यात. जर्मनीच्या हरमान श्टाउडिंगरला हे पटत नव्हतं. त्याने रबराच्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवला, म्हणजे चिकटायचं कारणच काढून टाकलं. कड्या असत्या तर त्या सुट्या होऊन गरम केल्यावर वाफ होऊन उडायला हव्या होत्या, पण तसं काही झालं नाही, पदार्थ रबरासारखाच जड आणि चिवट राहिला. हे १९२२ चं काम, त्याला नोबेल मिळालं १९५३ मध्ये!

आता तुमच्या गटापर्चाकडे येतो. त्यातही तोच आयसोप्रीन आणि तीच लांब साखळी. फरक आहे तो दुहेरी बंधापाशी. हा बंध एकेरी बंधासारखा गरकन फिरत नाही, त्यामुळे साखळी त्याच्या एका बाजूने आत आली की त्याच बाजूने बाहेर पडते किंवा समोरच्या बाजूने, आणि जे ठरलं ते कायमचं. रबरात ती त्याच बाजूने निघते, याला सिस म्हणतात, गटापर्चात समोरच्या बाजूने, तो ट्रान्स. ट्रान्स साखळ्या बऱ्यापैकी सरळ असतात म्हणून एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात, स्फटिक होतात आणि पदार्थ कडक होतो. गरम केला की मऊ, गार झाला की पुन्हा घट्ट, दाताच्या पोकळीत भरायला हेच तर पाहिजे. सिस साखळ्यांना बाक असतो, त्या रचल्याच जात नाहीत, शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतून वळवळत राहतात. रबर ताणलं की त्या सरळ होतात, सोडलं की उष्णतेच्या हालचालीने परत गुंत्यात जातात, आतमध्ये स्प्रिंग वगैरे काही नसते.

हे घरी करून बघा. जाड रबर बँड वरच्या ओठाला लावून झटकन ताणा, गरम लागेल. ताणलेलाच थोडा वेळ धरा म्हणजे ती उष्णता निघून जाईल, मग पटकन सैल सोडून लगेच ओठाला लावा, गार लागेल. किंवा रबर बँडला वजन टांगून हेअर ड्रायरची गरम हवा द्या, लांब व्हायच्या ऐवजी तो आखडतो.

मात्र नुसता गुंता पुरत नाही, कच्च्या रबराच्या साखळ्या हळूहळू एकमेकींवरून घसरतात, उन्हात ते चिकट होतं आणि थंडीत ताठ. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून तापवलं तेव्हा साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार झाले आणि घसरणं थांबलं. पूल थोडे असले तर रबर बँड, भरपूर असले तर एबोनाइट, एकदम कडक.

प्रश्न : ड्रॉवरमधले जुने रबर बँड चिकट होतात नाहीतर तुटतात, असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पुन्हा तेच दुहेरी बंध. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्यांच्यावरच हल्ला करतात. साखळ्या तुटत गेल्या की चिकटपणा येतो, नवे पूल बसत गेले की ठिसूळपणा. ऊन आणि उष्णतेने हे लवकर होतं. ताणलेल्या रबराला तर ओझोनने आडव्या भेगाच पडतात, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायच्या कागदांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावू नका, सुती दोरा बांधा.