नथ शार्प, डोळे सॉफ्ट!

प्रश्न : सर, मी लग्नाचे फोटो काढतो. कॅनन ८० डी आहे आणि ५० एमएम एफ १.८ एसटीएम लेन्स. फोकस पॉइंट नवरीच्या डोळ्यावर ठेवतो तरी बऱ्याचदा नथ शार्प येते आणि डोळे सॉफ्ट. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढला की, मात्र बरोबर येतं. मित्र म्हणतो लेन्सच बाद आहे, विकून टाक. टेस्ट करायला ४५ अंशात तिरका ठेवायचा चार्ट प्रिंट करून आणलाय. तो कसा वापरू? – एक वाचक, सांगली

उत्तर : अहो थांबा, एवढ्यात विकू नका. लाइव्ह व्ह्यूत बरोबर येतं म्हणता ना, मग काच ठीक आहे. व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी, आणि फोटो पडतो मागच्या मेन सेन्सरवर, या दोन वाटांच्या अंतरात केसभर फरक पडला की फोकस पुढे नाहीतर मागे सरकतो. लाइव्ह व्ह्यूत मेन सेन्सरच फोकस बघतो म्हणून तिथे ही भानगड नाही.

आता हिशोब बघा. दीड मीटरवरून एफ १.८ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, तुमच्या कॅमेऱ्यावर शार्प पट्टा मिळतो साधारण ६ सेंटीमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे जेमतेम ३. नथ तेवढीच पुढे असते. आणि व्ह्यूफाइंडरात दिसणारा चौकोन छोटा असला तरी खरा फोकस एरिया त्याहून मोठा असतो, त्यात शेजारी चमकणारे मोती म्हणजे ऑटोफोकसला आयतं खाद्यच, काजळ राहिलं बाजूला! मधल्या पॉइंटने फोकस करून मग फ्रेम हलवत असाल तर ती सवय वाईटच, पण त्याने फोकस मागे जातो, कान शार्प येतात. तुमचं उलट आहे, म्हणून ते कारण नाही.

तो तिरका चार्ट बाजूला ठेवा. मला तो अजिबात आवडत नाही, कारण तिरक्या कागदावर नेमका कुठे फोकस घेतला हे कॅमेऱ्यालाच कळत नाही तर तुम्हाला काय कळणार. त्यापेक्षा कॅलेंडरचं मोठ्या आकड्यांचं पान खोक्यावर सपाट चिकटवा, लेन्सच्या बरोबर समोर, आणि बाजूला शाळेतली फूटपट्टी तिरकी टेकवा, तिचा मधला आकडा पानाच्या रेषेत यायला हवा. अंतर दीड-दोन मीटर, ट्रायपॉड, सेल्फ टायमर, एफ १.८, फोकस मोड वन शॉट (एकदा फोकस झाला की तिथेच थांबतो), मधला पॉइंट. दिवसा खिडकीजवळ करा. मी एकदा रात्री घरातल्या पिवळ्या बल्बखाली बसून फोकस मागे-पुढे सरकवायच्या सेटिंगमध्ये (ते खाली सांगतो) प्लस १२ टाकलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात सगळ्यांचे कान शार्प आले, प्रकाशाच्या रंगानेही फोकस सरकतो हे तेव्हा कळलं.

दहा फोटो व्ह्यूफाइंडरने काढा, प्रत्येक वेळी आधी फोकस हाताने बिघडवून, पाचदा फोकस रिंग लांबच्या टोकाला फिरवून आणि पाचदा जवळच्या. मग तीन-चार लाइव्ह व्ह्यूने, तुलनेला. कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून पट्टीचा कुठला आकडा शार्प आहे ते लिहून काढा. दहाच्या दहा वेळा पुढचाच, म्हणजे कॅमेऱ्याकडचाच, आकडा आला तर फ्रंट फोकस. मग मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट (ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती) आहे, उणे २० ते अधिक २०, तिथे या लेन्सपुरतं प्लसकडे जा, ५-५ ने, प्लस म्हणजे फोकस मागे. पण कधी पुढे कधी मागे असं विखुरलेलं आलं तर कुठलाच आकडा टाकून उपयोग नाही, एफ २.२ वर या म्हणजे शार्प पट्टा जरा रुंद होईल, नाहीतर लाइव्ह व्ह्यू वापरा. आणि खोक्यावर दहाही बरोबर आले तर लेन्सला दोष देऊ नका, ती नथच फोकस पळवतेय. कॅमेऱ्याकडच्या बाजूच्या डोळ्याच्या भुवईवर पॉइंट ठेवून बघा.

प्रश्न : माझ्या निकॉन डी ५६०० मध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंटसारखं काही सेटिंग सापडत नाही. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नाहीच त्यात, शोधू नका. डी ७२०० मध्ये आहे. वॉरंटी असेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या, नुसती लेन्स देऊन जमत नाही. लेन्स सिग्मा कंपनीच्या आर्ट मालिकेतली असेल तर लेन्स कॉम्प्युटरला जोडणारा त्यांचा यूएसबी डॉक घेऊन लेन्समध्येच सुधारणा करता येते, तीही चार वेगवेगळ्या अंतरांना.